बेदखल जमातीचा नेता : विल्यम वॉकर

१८४३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओहायो राज्यात, अप्पर सँडस्की या ठिकाणी, वायंडॉट जमातीच्या लोकांनी दोन कबरी उकरल्या. जमातीला आपली भूमी सोडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला जायचे होते. जाण्यापूर्वी त्या दोन माणसांच्या अस्थी काढून त्यांनी आपल्या दगडी चर्चच्या आवारात पुन्हा पुरल्या. आपल्या पाठीमागे शेतावर नांगर फिरेल, कबरी ओळखूही येणार नाहीत, निदान चर्चच्या आवारात त्या राहतील, एवढीच त्यामागची आशा होती. या दोघांपैकी एक होता समंडुवॉट, जमातीचा एक प्रमुख. शिकारीला गेला असता १८४०-४१ च्या हिवाळ्यात गोऱ्या माणसांनी त्याचा खून केला होता आणि त्या खुनाची शिक्षा कोणालाही झाली नव्हती. दुसरा होता जॉन स्ट्यूअर्ट. तो वायंडॉट नव्हता. तो व्हर्जिनियातून आलेला, निग्रो म्हणून ओळखला जाणारा एक स्वतंत्र माणूस होता.

एका बेदखल होणाऱ्या जमातीने एका काळ्या माणसाच्या अस्थी आपल्या प्रमुखाच्या अस्थींबरोबर जपून ठेवल्या, ही घटना कोणत्याही शोषिताला उभारी देणारी आहे. परंतु इतिहास उभारी देण्यासाठी घडत नसतो. याच जमातीतील काही प्रतिष्ठित कुटुंबांनी पश्चिमेला गेल्यावर थोड्याच वर्षांत काळ्या माणसांना गुलाम म्हणून बाळगले. त्यांच्यात जमातीचा सर्वांत सुशिक्षित आणि सर्वांत प्रसिद्ध नेता होता : विल्यम वॉकर. प्रस्तुत लेखाचा विषय हा माणूस आहे.

त्याच्याविषयी या पानांवर का लिहावे, असा प्रश्न वाचकाला पडेल. अमेरिकेशी आपले नाते जुने आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेत त्यांनी, युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर जे अत्याचार केले त्यांना आर्यांच्या आगमनकाळी भारतात जोड सापडते, असे म्हटले. म्हणजे निग्रोंचे दास्य आणि मूळ रहिवाशांची लूट हे दोन्ही धागे जोतीरावांच्या हातात होते. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतले ते काळ्या पँथरचे. एक धागा घट्ट धरला गेला, दुसरा मात्र आपल्या हातून सुटल्यासारखा झाला. विल्यम वॉकरच्या आयुष्यात हे दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि तो गुंता आपल्याला सोयीचा नाही. म्हणूनच तो पाहिला पाहिजे.

२

वायंडॉट हे ह्युरॉन आणि त्यांच्या शेजारच्या पेतुन या लोकांचे वंशज. आजच्या कॅनडातील ओंटारियो प्रदेशात त्यांची मोठी गावे आणि मक्याची शेती होती. फ्रेंचांबरोबर आलेल्या रोगांनी ही वस्ती निम्म्यावर आणली आणि १६४९-५० मध्ये इरोक्वॉय संघाच्या हल्ल्यांनी ती उधळून टाकली. उरलेले लोक सरोवरांच्या काठाने भटकत डेट्रॉइटला आणि पुढे अठराव्या शतकात ओहायोतील सँडस्की नदीच्या खोऱ्यात आले. पश्चिमेला पाठवणी ही त्यांची पहिली ताटातूट नव्हती. पण आधीच्या ताटातुटी युद्धाने झाल्या होत्या, ही कायद्याने झाली, हा फरक महत्त्वाचा आहे.

या जमातीची समाजरचना आपण समजून घेतली पाहिजे. वायंडॉट कुळे आईकडून चालत. एकोणिसाव्या शतकातील संशोधक जॉन वेस्ली पॉवेल याने नोंदवल्याप्रमाणे प्रत्येक कुळाच्या सभेत चार स्त्रिया असत आणि कुळाचा पुरुष प्रमुख त्या निवडीत. कुळाची शेतजमीन घराघरांत वाटून देण्याचे कामही स्त्रियांच्या सभेकडे होते. जमीन कोणा एकाची नसे. ती कसणाऱ्या घराची, कुळाची आणि जमातीची असे. सरकारशी झालेल्या करारांच्या कागदांवर मात्र सह्या आणि खुणा पुरुषांच्या आहेत. जमीन ज्यांनी वाटायची त्यांना न विचारता, जमीन ज्यांना ‘विकता’ येईल असे प्रमुख शोधण्याची किंवा तयार करण्याची ही रीत होती. वसाहतवादाने जमिनीबरोबर हाही अधिकार नेला, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

१८१७ आणि १८१८ च्या करारांनी वायंडॉटांजवळ अप्पर सँडस्कीभोवती बारा मैल लांब आणि बारा मैल रुंद एवढा मुख्य राखीव प्रदेश आणि त्याला जोडून काही भूमी उरली. वायव्य ओहायोचा सारा मुलूख त्यांच्या हातून गेला होता. जे उरले ते ‘कायमचे’ होते. ‘कायमचे’ या शब्दाचे आयुष्य पंचवीस वर्षे निघाले.

३

विल्यम वॉकरचा जन्म मार्च १८०० मधला, डेट्रॉइटजवळच्या वायंडॉट वस्तीतला. बाप जन्माने गोरा. लहानपणी आदिवासींनी त्याला पकडून नेले आणि तो त्यांच्यातच वाढला. आई कॅथरिन रँकिन वायंडॉट कुळातली. कुळ आईकडून चालत असल्यामुळे, बाप कोणीही असो, मुलगा वायंडॉटच. त्याला ‘अर्धा’ ठरवणारी मोजपट्टी गोऱ्यांची होती, जमातीची नव्हती. तो इंग्रजी शाळेत शिकला. वायंडॉट आणि इतर काही आदिवासी भाषा त्याला येत, इंग्रजी तो सफाईने लिही. अप्पर सँडस्कीला तो पोस्टमास्तर होता, सरकार आणि मिशन यांचा दुभाषा होता.

दुभाषाचे स्थान नीट ओळखले पाहिजे. जी जमात आपला कागद स्वतः वाचू शकत नाही, तिच्यात कागद वाचणारा माणूस प्रमुख नसला तरी प्रमुखाहून मोठा होतो. आपल्याकडे गावात पहिला शिकलेला मुलगा तलाठ्याचा कागद वाचून दाखवी, तेव्हा सारी वस्ती त्याच्या तोंडाकडे बघत असे. त्या बघण्यात विश्वास असतो आणि लाचारीही असते. वॉकरचे नेतृत्व या जागेतून उभे राहिले.

१८१६ साली जॉन स्ट्यूअर्ट हा मेथॉडिस्ट धर्मप्रचारक स्वतःहून वायंडॉटांत आला. वॉकरच्या बापाला प्रथम संशय आला तो हा की, हा कोणाचा तरी पळालेला गुलाम असावा. त्याने स्ट्यूअर्टची कसून चौकशी केली आणि खात्री पटल्यावर त्याला थारा दिला. स्ट्यूअर्टचा दुभाषा जोनाथन पॉइंटर हाही काळाच होता. वायंडॉटांनी त्याला लहानपणी पकडून आणून वाढवले होते. काळ्या माणसाने आपल्याला धर्म शिकवावा, यात कमीपणा मानणारेही जमातीत निघाले. गोऱ्यांच्या शेजारात राहून गोऱ्यांची उतरंड तिथवर पोचली होती. तरीही लोक स्ट्यूअर्टभोवती जमले. अनेकांनी दारू सोडली. १८२३ च्या डिसेंबरात तो वारला. दुसऱ्या वर्षी मिशनचे दगडी चर्च उभे राहिले. याच राखीव प्रदेशात पळून आलेल्या गुलामांची वस्ती होती आणि तिला आसरा वायंडॉटांचा होता. वॉकर या वातावरणात वाढला. काळा माणूस म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

४

२८ मे १८३० रोजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने आदिवासींच्या पाठवणीच्या कायद्यावर सही केली. मिसिसिपीच्या पूर्वेकडील जमिनी सोडून द्याव्यात आणि बदल्यात पश्चिमेला जमिनी घ्याव्यात, असा तो कायदा होता. कागदावर तो संमतीचा होता. पण संमती मिळेपर्यंत एकामागून एक कमिशनर पाठवायचे, दारूचे आणि उधारीचे दुकान चालू द्यायचे, राज्याच्या कोर्टात आदिवासीला न्याय मिळू द्यायचा नाही, अशी ती संमती मिळवण्याची पद्धत होती. जो समाज ‘राजीखुशी’ने वेठ करीत आला, त्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१८३१ मध्ये वायंडॉटांनी एक अट घातली : आधी जमीन पाहू, मग बोलू. मिसूरीच्या पश्चिमेला देऊ केलेली भूमी पाहण्यासाठी एक छोटे पथक निघाले. त्याचा पुढारी विल्यम वॉकर होता. परत आल्यावर पथकाने जो अहवाल दिला तो वायंडॉटांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. जमीन आपल्या कामाची नाही, शेजारी वसलेले गोरे कायद्याला न जुमानणारे आहेत, आणि मिसूरी हे गुलामगिरीचे राज्य असून गुलामांचे मालक आदिवासींशी सहसा स्नेहाने वागत नाहीत, अशी कारणे त्याने दिली. जमातीने जाण्यास नकार दिला. सरकारी कमिशनर संतापला. पथकाने जमीन नीट पाहिलीच नाही, असा त्याने आरोप केला. पण नकार टिकला आणि त्यानंतर बारा वर्षे वायंडॉट आपल्या मुलुखात राहिले. ओहायोतील इतर जमाती एकेक करून गेल्या. वायंडॉट शेवटी उरले.

वॉकरचे श्रेय येथे मोकळेपणाने दिले पाहिजे. त्याने सरकारची भाषा सरकारवर उलटवली. आणि अहवालातील तिसरे कारण पुन्हा वाचण्यासारखे आहे. जो दुसऱ्या माणसाला मालमत्ता समजतो तो आपल्यालाही माणूस समजणार नाही, हे त्याला १८३१ साली कळत होते.

याच प्रवासात सेंट लुईस येथे, दूरच्या पश्चिमेकडून काही आदिवासी गोऱ्यांच्या धर्माची चौकशी करीत आल्याची हकीकत त्याला समजली. ती त्याने एका पत्रात लिहिली. १८३३ मध्ये मेथॉडिस्ट पत्रात ती छापून आली आणि त्या पत्राने मिशनऱ्यांना ओरेगॉनकडे जाण्याची हाक दिली. मिशनऱ्यांच्या मागोमाग वसाहतवाले गेले. वॉकरचा असा हेतू होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु एका जमातीच्या दुभाषाची लेखणी दुसऱ्या जमातींच्या दारापर्यंत कशी रस्ता नेऊ शकते, हे त्यातून दिसते.

५

नकार टिकला, पण जमीन झिजत राहिली. एप्रिल १८३६ मध्ये राखीव प्रदेशाच्या पूर्वेकडील पाच मैलांची पट्टी सरकारला देणारा करार झाला. पैसा रस्ते, शाळा, गिरण्या आणि कर्जफेड यांसाठी वापरायचा होता. त्या करारावर प्रमुख म्हणून पहिले नाव विल्यम वॉकरचे आहे. पाठवणी टाळण्यासाठी थोडे दिले की बाकीचे वाचेल, हा हिशेब त्यामागे असावा. असा हिशेब मांडणारा नेता द्रोही नसतो. पण समोरचा सारेच घ्यायला बसलेला असेल तर थोडे दिल्याने त्याची भूक वाढते.

मग समंडुवॉटचा खून झाला. एवढ्या सभ्य, धर्मशील, गोऱ्यांनाही मान्य असलेल्या प्रमुखाला मारणारे मोकळे सुटतात, तर येथे आपला जीव कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न जमातीपुढे उभा राहिला. ज्याला ‘संमती’ म्हणतात ती अशी तयार झाली. १७ मार्च १८४२ रोजी कमिशनर जॉन जॉन्स्टन याच्याशी करार झाला. त्या वेळी प्रमुख होता फ्रान्सिस हिक्स. पुढच्याच महिन्यात इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स अप्पर सँडस्कीच्या लाकडी खाणावळीत उतरला होता. तेथे त्याला हा कमिशनर भेटला आणि डिकन्सने ती भेट आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली.

कराराचे आकडे पाहावेत. वायंडॉटांनी ओहायोतील १,०९,१४४ एकर आणि मिशिगनमधील सुमारे ६,००० एकर जमीन दिली. बदल्यात मिसिसिपीच्या पश्चिमेला १,४८,००० एकर, दरसाल १७,५०० डॉलरचे वर्षासन, जमातीची कर्जे फेडण्यासाठी २३,८६० डॉलर आणि प्रवासखर्चासाठी १०,००० डॉलर मिळणार होते. याशिवाय करारात आणखी एक कलम होते. त्यानुसार पस्तीस व्यक्तींना नावानिशी प्रत्येकी ६४० एकर जमीन पश्चिमेत कोठेही निवडून घेण्याचा हक्क देण्यात आला. त्या यादीत विल्यम वॉकर आणि त्याचे नातलग होते.

जमातीसाठी एक माप आणि पस्तीस जणांसाठी दुसरे माप. या एका कलमाने, जमीन कोणा एकाची नसते हे जमातीचे जुने सूत्र तुटले. पुढे कॅन्ससमध्ये लॉरेन्स, टोपेका यांसारख्या शहरांची जागा अशाच हक्कपत्रांच्या आधारे घेतली गेली. हक्कपत्रे वायंडॉटांच्या नावाची, शहरे गोऱ्यांची.

६

१२ जुलै १८४३ रोजी सहाशेहून अधिक माणसांचा तांडा गाड्या, घोडे आणि पायी चालणारी माणसे घेऊन अप्पर सँडस्कीहून निघाला. त्याआधी चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. स्क्वायर ग्रे आइज या वायंडॉट धर्मोपदेशकाने निरोपाचे भाषण केले. तो पाठवणीच्या विरोधात होता. त्याने नदीचा, रानाचा, शिकारीच्या वाटांचा आणि कबरींचा निरोप घेतला. वॉकर कागदावर लढला, ग्रे आइज चर्चमध्ये बोलला. जमातीला दोघांचीही गरज होती. पण ग्रंथांत पाने मिळाली ती बहुतेक वॉकरला, कारण रोजनिशी त्याने लिहिली होती.

आठवड्याभराने तांडा सिनसिनाटीला पोचला आणि तेथून आगबोटींनी निघून महिनाअखेर कॅन्सस नदीच्या मुखाशी उतरला. तेथे जमीन नव्हती. कराराने दिलेली १,४८,००० एकर जमीन नेमकी कोणती, हे सरकारने ठरवलेलेच नव्हते. शॉनी जमातीकडून जागा विकत घेण्याचा बेत फसला. मिसूरीच्या सीमेलगतच्या सखल सरकारी पट्टीवर तंबू ठोकून माणसे राहिली आणि आजारपण सुरू झाले. पहिल्या काही महिन्यांतच साठेक माणसे मेली. त्यांत मुले बरीच होती. नदीपलीकडच्या टेकडीवर त्यांना पुरले. नव्या भूमीत वायंडॉटांची पहिली मालकी जडली ती या स्मशानभूमीवर.

अखेर जमीन दिली ती दुसऱ्या आदिवासींनी. १४ डिसेंबर १८४३ रोजी डेलावेअर जमातीने ३९ चौरस मैल जमीन त्यांना दिली. त्यांतील ३६ चौरस मैलांचे ४६,०८० डॉलर घेतले, म्हणजे एकरी दोन डॉलर. उरलेले तीन चौरस मैल भेट म्हणून दिले. कधी काळी डेलावेअर बेघर झाले होते तेव्हा वायंडॉटांनी त्यांना जागा दिली होती, ती आठवण त्यांनी ठेवली. सगळी मिळून ही जमीन भरते २४,९६० एकर. सरकारने १,४८,००० एकरांचे वचन १८५० साली १,८५,००० डॉलर देऊन मिटवले, म्हणजे एकरी सव्वा डॉलरने. डेलावेअरांना दोन डॉलर मोजून जमीन घेणाऱ्या वायंडॉटांना सरकारने सव्वा डॉलरचा भाव दिला. ही वजाबाकी करायला तज्ज्ञ लागत नाही.

७

आता त्या गाठीकडे आले पाहिजे. वायंडॉटांची नवी भूमी मिसूरीच्या सीमेला लागून होती. १८२० च्या तडजोडीने मिसूरी राज्याबाहेर त्या भागात गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. पण ती राबवणारे कोणीच नव्हते. सीमेपलीकडचा व्यापारी, अधिकारी, जमीनदार गुलाम बाळगी. त्याच्याशी बरोबरीने व्यवहार करायचा, त्याच्या ओसरीवर बसायचे, तर आपल्या घरीही गुलाम असावा, असे काही वायंडॉट कुटुंबांना वाटू लागले. वॉकरने गुलाम घेतले. गुलामांचे मालक आदिवासींचे मित्र नसतात, असे ज्याने १८३१ साली लिहिले तो स्वतः मालक झाला.

जमात मात्र एकमुखी नव्हती. १८४४ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेतील मेथॉडिस्ट पंथ फुटला आणि पुढल्या वर्षी दक्षिणेचे वेगळे चर्च निघाले. ही फूट स्ट्यूअर्टने रुजवलेल्या वायंडॉट मंडळीतही शिरली. एक गट उत्तरेकडे राहिला, दुसरा दक्षिणेकडे गेला. गुलामगिरीला विरोध करणाऱ्यांत जॉन आर्मस्ट्राँग हा वायंडॉट वकील आणि त्याची पत्नी ल्यूसी होती. वॉकर दुसऱ्या बाजूला होता. १८५६ साली दोन्ही गटांची चर्चे जाळली गेली. ज्या मंडळीने एका काळ्या माणसाच्या अस्थी चर्चच्या आवारात जपल्या होत्या, ती काळ्या माणसाच्या प्रश्नावर तेरा वर्षांत राख झाली.

हे कसे घडले? वॉकर दुष्ट होता असे म्हटले की प्रश्न सुटत नाही. बाबासाहेबांनी आपल्या व्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. या विषमतेत सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा असे दोनच थर नसतात. मध्ये अनेक पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवरच्याला आपल्याखाली कोणीतरी आहे याचे समाधान मिळते. त्या समाधानामुळे वरच्याविरुद्ध सगळे एकत्र येत नाहीत. अमेरिकेची व्यवस्था जातीची नव्हती, पण तीही पायऱ्यांची होती. आदिवासीला तिने जमीन सोडायला लावली आणि सुशिक्षित आदिवासीला एक पायरी देऊ केली : तू शेती कर, इंग्रजी बोल, ख्रिस्ती हो, आणि तुझ्याखाली काळा माणूस ठेव, म्हणजे तू सुधारलास. सुधारणेचा दाखला म्हणून दुसऱ्याची बेडी हातात घ्यायची. चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ यांसारख्या दक्षिणेकडील जमातींतील श्रीमंतांनी हे आधीच केले होते. वॉकरने तीच पायरी धरली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वॉकरच्या गुलामांमुळे सरकारचा गुन्हा कणभरही हलका होत नाही. शोषितांमध्ये दोष दाखवून शोषकाला निर्दोष ठरवणारी एक पंडिती आपल्याकडेही आहे. ‘तुमच्यात तरी कुठे समता आहे?’ असे विचारून ती आपला मुद्दा संपवते. आपण हा प्रश्न त्यांच्यासाठी विचारत नाही, आपल्यासाठी विचारतो. वॉकरवर अन्याय झाला आणि वॉकरने अन्याय केला. पहिले विधान दुसऱ्याने खोटे ठरत नाही आणि दुसरे पहिल्याने माफ होत नाही.

८

वॉकरच्या कीर्तीचा कळस १८५३ सालचा. आजच्या कॅन्सस-नेब्रास्काचा सारा मुलूख गोऱ्या वस्तीसाठी आणि रेल्वेसाठी खुला होणार हे दिसू लागले होते. आपल्याला वगळून तो खुला होण्यापेक्षा आपणच पुढे व्हावे, या विचाराने वायंडॉट पुढाऱ्यांनी २६ जुलै १८५३ रोजी आपल्या सभागृहात एक परिषद भरवली आणि नेब्रास्का प्रदेशाचे हंगामी सरकार स्थापन केले. त्याचा गव्हर्नर म्हणून विल्यम वॉकरची निवड झाली. काँग्रेसने या सरकारला मान्यता दिली नाही. मे १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला. गुलामगिरीचा निर्णय वसाहतवाल्यांच्या मतावर सोपवला गेला आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडू लागले.

३१ जानेवारी १८५५ च्या कराराने वायंडॉटांची जमात म्हणून असलेली रचना संपुष्टात आली. सामाईक जमिनीचे वैयक्तिक तुकडे पडले आणि लोक अमेरिकेचे नागरिक झाले. माणसांच्या याद्या झाल्या : कारभार करण्यास ‘लायक’, ‘नालायक’ आणि अनाथ. नागरिकत्व ही मोठी गोष्ट आहे. आपण त्यासाठी लढलो आहोत. पण ज्या नागरिकत्वाची किंमत म्हणून सामुदायिक जमीन द्यावी लागते त्याचा हिशेब वेगळा असतो. कर, कर्ज आणि सट्टेबाज यांनी थोड्याच वर्षांत बहुतेकांचे तुकडे गिळले. जे निर्धन झाले त्यांना १८६७ च्या कराराने आजच्या ओक्लाहोमात, सेनेका जमातीकडून घेतलेल्या २०,००० एकरांवर पुन्हा जमात म्हणून वसवण्यात आले. म्हणजे आणखी एक पाठवणी झाली.

वॉकर १३ फेब्रुवारी १८७४ रोजी वारला. ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. १८९९ मध्ये त्याच्या रोजनिशा छापल्या गेल्या. त्याच्या घरी राबलेल्या काळ्या माणसांनी रोजनिशी लिहिली नाही. लिहायला शिकवणे हाच मिसूरीत १८४७ पासून गुन्हा होता.

९

वॉकरबरोबर ही कथा संपत नाही. टेकडीवरची ती स्मशानभूमी १८५५ च्या कराराने कायमची राखून ठेवली होती. तिच्याभोवती कॅन्सस सिटी वाढली, जागेला भाव आला आणि १९०६ मध्ये काँग्रेसने ती विकण्याची परवानगी दिली. तेव्हा लायडा कॉनली ही वायंडॉट वंशाची वकील स्त्री आपल्या बहिणींसह तेथे गेली. त्यांनी कबरींजवळ एक झोपडी उभारली, बंदूक ठेवली, फाटकाला कुलूप घातले. कॉनलीने दावा लावला आणि १९१० साली ती स्वतः अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उभी राहिली. न्यायमूर्ती होम्स याने निकाल तिच्याविरुद्ध दिला. करारातले वचन सरकारवर नैतिक बंधन असेल, कायद्याचे नाही, असा त्याचा आशय होता. खटला ती हरली, पण कबरी हलल्या नाहीत. १९१३ मध्ये काँग्रेसला विक्रीचा कायदा रद्द करावा लागला. १९४६ साली कॉनलीचा खून झाला आणि तिला त्याच स्मशानभूमीत पुरण्यात आले. तिच्याजवळ गव्हर्नरपद नव्हते, ६४० एकरांचे हक्कपत्र नव्हते. ज्या समाजात एके काळी जमीन स्त्रियांच्या सभेकडे होती, त्या समाजाची शेवटची सामाईक जमीन एका स्त्रीने राखली.

ओहायोतील ते दगडी चर्च आणि त्याचे आवार मेथॉडिस्ट चर्चने २१ सप्टेंबर २०१९ रोजी ओक्लाहोमाच्या वायंडॉट राष्ट्राला परत केले. जमीन जेमतेम तीन एकर. पण त्या तीन एकरांत समंडुवॉट आणि जॉन स्ट्यूअर्ट आजही शेजारी शेजारी आहेत.

आपल्यातही आता दुभाषे तयार झाले आहेत. कागद वाचणारे, मंत्रालयात जाणारे, निवेदने लिहिणारे, सभागृहांत बसणारे. त्यांची गरज आहे. वॉकरशिवाय वायंडॉट बारा वर्षे टिकले नसते. पण त्यांना विचारायचे प्रश्न वॉकरच्या आयुष्यात लिहून ठेवलेले आहेत. करारात तुमच्या नावाचे वेगळे कलम आहे काय? ज्या स्त्रिया जमीन कसतात त्यांना तुम्ही विचारले काय? आणि तुमच्या पायरीखाली कोण उभे आहे? भटक्यांचा, मैला वाहणाऱ्यांचा, आपल्याहून लहान जातीचा माणूस आपल्या दारी येतो तेव्हा आपण त्याची चौकशी कोणत्या स्वरात करतो?

१८४३ च्या त्या उन्हाळ्यात वायंडॉटांनी या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कुदळीने दिले होते. त्यांच्या सर्वांत हुशार नेत्याने ते पुसले. आपल्यासमोर ही दोन्ही उत्तरे आहेत.